बारा पेरूंचा आलेख

पोह्यांची बशी माझ्या डाव्या हाताला आली आणि आलेखाचा कागद उजव्या हाताला. सोबत टोक केलेली पेन्सिल, खोडरबर आणि लाकडी फूटपट्टी. धारूरकर सर समोरच्या आरामखुर्चीत रेलले आणि म्हणाले, "आधी खायचं की आधी सोडवायचं, ते तुमच्यावर आहे. वेळेचं बंधन नाही."

मी प्रल्हादमामाकडं पाहिलं. मामानं पोह्यांकडं पाहिलं.

त्या वर्षी मी लातूरच्या एका कॉलेजात मराठीचा हंगामी प्राध्यापक होतो आणि मला मुली दाखवायचं काम मामानं अंगावर घेतलं होतं. मामानं जुळवलेली लग्नं चार जिल्ह्यांत पसरलेली होती. काही नांदत होती, काही भांडत होती, आणि दोन्हींचं श्रेय तो सारख्याच मोठेपणानं घ्यायचा. बार्शीला येताना एसटीत त्यानं मला मुलीची उंची, मुलीचा स्वभाव, मुलीचं बीएस्सी, मुलीच्या वडिलांची हायस्कुलातली गणिताची कारकीर्द, सगळं सांगितलं. मुलाची परीक्षा असते एवढंच सांगायचं राहिलं. पुढं कधीतरी मी त्याला याचा जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू आला असतास का, विशा?"

सरांनी मात्र कारण सांगितलं, अगदी शांतपणे. मुलीला आपण गाणं म्हणायला लावतो, चालून दाखव म्हणतो, सुईत दोरा ओवायला लावल्याचंही त्यांच्या कानावर आलं होतं. मग मुलानं एखादं उदाहरण सोडवलं तर काय बिघडलं? काहीच बिघडत नव्हतं. हीच तर अडचण होती. मॅट्रिकला मला गणितात पस्तीस मार्क पडले होते, आणि तेसुद्धा पेपर तपासणाऱ्याच्या घरी त्या दिवशी काहीतरी मंगलकार्य असणार म्हणून, असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं.

एरवी मी पोट दुखण्याचं निमित्त काढून उठलो असतो. उठता येत नव्हतं, कारण मघाशी दारातच माझं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आम्ही आलो तेव्हा ओसरीत एक मुलगी स्टुलावर उभी राहून फ्यूज बसवत होती. हातात पक्कड, दातांत तारेचा तुकडा. पावलं वाजली तसं तिनं मागं न बघता तार काढली आणि सांगितलं, "मीटर मागच्या बाजूला आहे. वर मांजर झोपलंय. त्याला उठवू नका, रीडिंग तसंच दिसतं."

मामाला असल्या स्वागताची सवय नव्हती. तो घसा खाकरून म्हणाला, "आम्ही मुलगी बघायला आलोय."

तिनं एकदा वळून आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा फ्यूजकडं वळली. "मग बघून घ्या तोवर. मला अजून पाच मिनिटं लागतील."

ती हेमलता. या घरातून तिचा होकार घेतल्याशिवाय परत जायचं नाही, हे मी चपला काढता काढता ठरवून टाकलं होतं. आणि आता तिच्यामाझ्यामध्ये एक आलेखाचा कागद होता.

सरांनी उदाहरण वर्गात वाचतात तसं वाचलं. "सुमन आणि तिचा भाऊ यांनी मिळून बारा पेरू तोडले. सुमनच्या पेरूंची दुप्पट आणि भावाच्या पेरूंची दुप्पट यांची बेरीज तीस येते. तर प्रत्येकाने किती पेरू तोडले? आलेखाने सोडवा."

मी मराठीचा माणूस. मजकूर हातात आला की आधी माणसं शोधतो. सुमनच्या स्वभावाविषयी एक अक्षर नव्हतं. भावाला तर नावही नव्हतं. मी विचारलं, "झाड कुणाचं, सर?"

"त्याचा उत्तराशी संबंध नाही."

"वाङ्मयात असतो."

सर उठून माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, संपलं. पण शिकवायची संधी सोडणारा मास्तर मी आजवर पाहिलेला नाही. त्यांनी मला पद्धत समजावून दिली, आणि खरं सांगायचं तर शाळेत सगळे मिळून जे सांगू शकले नव्हते ते त्यांनी पोहे गार व्हायच्या आत सांगितलं. सुमनचे पेरू आडव्या अक्षावर मोजायचे, भावाचे उभ्या. सुमननं एकही तोडला नसेल तर भावाचे बारा, तिथं एक टिंब. सुमननं सगळे तोडले असतील तर भावाचा शून्य, तिथं दुसरं टिंब. दोन्ही टिंबं जोडायची.

"बारा पेरू दोघांत वाटायच्या जेवढ्या तऱ्हा आहेत, तेवढ्या सगळ्या या एका रेषेवर आल्या," सर म्हणाले. "आता दुसऱ्या अटीची रेष काढा. जिथं दोघी एकमेकींना छेदतील तिथं दोन्ही अटी पाळल्या जातात. तेच उत्तर."

मला हे फार आवडलं. एवढ्याशा रेषेत भावाबहिणीची सगळी भांडणं मावली होती. मी उत्साहानं दुसरी रेष काढायला घेतली. सुमनचा शून्य, तर भावाच्या पेरूंची दुप्पट तीस, म्हणजे भावाचे पंधरा. टिंब. भावाचा शून्य, तर सुमनचे पंधरा. टिंब. पट्टी लावली, रेष ओढली.

रेषा छेदेनात.

एक वर, एक खाली, दोघी आपापल्या वाटेनं कागदाच्या कडेपर्यंत गेल्या आणि संपल्या. मी दुसरी रेष खोडून पुन्हा काढली. तिथंच आली. मामानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "रूळ छान काढलेस."

"सर, या भेटत नाहीयेत."

सर तोवर आरामखुर्चीत परतले होते. त्यांनी डोळे मिटून विचारलं, "कागद संपला का?"

"संपला."

"मग दुसरा घ्या."

कागदाचा दस्ता कोनाड्यात होता. खळ आतून आली, कणकेची, गरम. हेमलता वाटी ठेवून दाराशी उभी राहिली. मामा कामाला लागला. लग्न जुळवणाऱ्या माणसाला दोन रेषा शेजारी शेजारी चाललेल्या आणि भेटत नाहीत हे बघवतच नसावं. त्यानं धोतराचा काष्टा घट्ट केला, पहिल्या कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला दुसरा चिकटवला, मी जमिनीवर ओणवा होऊन दोन्ही रेषा पुढं ओढल्या, मग तिसरा कागद, मग चौथा. आलेख जिना उतरावा तसा तिरपा निघाला आणि सतरंजी ओलांडून दिवाणाखाली शिरला.

"जुळेल," मामा म्हणत होता. "पुढं कुठंतरी जुळेल. मी यापेक्षा अवघड जुळवलेत."

दिवाणाखालून मला एक गोष्ट दिसली. "सर, भावाचे पेरू शून्याच्या खाली गेले. उणे तीन झालेत."

"जाऊ द्या," सर डोळे न उघडता म्हणाले. "पुढं चला."

उणे तीन पेरू कसे तोडायचे, हे मी मामाला हळूच विचारलं. मामा म्हणाला, झाडाला परत लावत असेल, तू रेष ओढ.

आलेख दिवाणाखालून निघाला, उंबरा ओलांडून ओसरीत आला आणि ओसरीच्या पायऱ्यांकडं लागला. दर कागदागणिक मी दोन रेषांमधलं अंतर पट्टीनं मोजत होतो. ते सारखंच भरत होतं. मधे मामानं एकदा जाहीर केलं की दोघी केसभर जवळ आल्यात, पण नंतर कळलं की त्याच्या चष्म्यावर खळ लागली होती. समोरच्या ओट्यावर तूर निवडत बसलेल्या बाईंनी विचारलं, काय चाललंय हो? मामानं वर न बघता सांगितलं, "पत्रिका जुळवतोय." त्या म्हणाल्या, "बाई बाई, केवढी ही पत्रिका," आणि त्यांनी सूप घेऊन ओट्याची अलीकडची बाजू धरली.

कागद संपले तसा मामा आणखी आणायला आत गेला. मी पायरीवर गुडघ्यांवर बसलेलो, कोपरापर्यंत पीठ. हेमलता खळीची वाटी घेऊन बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या पायरीवर बसली.

"अजून किती लांब जाणार?" तिनं विचारलं.

"भेटेपर्यंत."

"अंतर मोजलंत?"

"मोजलं. सगळीकडं सारखंच येतंय."

"मग?"

"मला वाटलं माझं काहीतरी चुकत असेल. गणितात सहसा माझंच चुकतं."

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. "बारा पेरूंची दुप्पट किती?"

"चोवीस."

"आणि उदाहरणात?"

मी आठवलं. तीस. सुमनची दुप्पट अधिक भावाची दुप्पट, म्हणजे दोघांच्या मिळून पेरूंची दुप्पट. बाराची दुप्पट तीस. मी पायरीवर नीट टेकून बसलो. आपण घरातून अंगणापर्यंत एका अशा गोष्टीच्या मागं रांगत आलो, जी कुठंच नव्हती.

"म्हणजे सरांचं उदाहरण चुकलं?"

"बाबांचं उदाहरण चुकत नाही," ती म्हणाली. "त्यांनी ते असंच बसवलंय."

मग तिनं मला आधीच्यांची हकिगत सांगितली. पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर येऊन गेला होता. त्याला रेषा समांतर आहेत हे लगेच दिसलं, आणि त्यानं दुसरी रेष अशी बेतानं कलती केली की दोघी कागदावरच भेटल्या. बँकेतल्या अधिकाऱ्यानं कागदाला हातही न लावता सात आणि पाच असं सांगून आणखी पोहे मागितले. एक डॉक्टर होता, तो म्हणाला, फार सुंदर उदाहरण आहे. यजमानाच्या तोंडावर तुमचं उदाहरणच जमत नाही असं म्हणायची आपल्याकडं रीत नाही. पोहे खारट असले तरी छानच झालेले असतात, मग पेरूंना कोण नावं ठेवणार? सर प्रत्येकाला दारापर्यंत पोचवत आणि आत येऊन म्हणत, मुलगा खोटं उत्तर देतो, अशा घरी मुलगी कशी द्यायची.

"आणि एखाद्यानं सरळ सांगितलं असतं, याला उत्तर नाही म्हणून?"

"मग दुसरं उदाहरण तयार आहे. त्यात बोरं आहेत. तीही भेटत नाहीत."

मी विचारलं, का. तिनं वाटीच्या कडेची वाळलेली खळ नखानं खरवडायला घेतली.

"आई गेली तेव्हापासून रोज संध्याकाळी ते मला एक उदाहरण घालतात. मी सोडवते, ते तपासतात, मग चहा. आमच्यात तेवढंच बोलणं होतं. पण ते होतं." तिनं वाटी पायरीवर ठेवली. "जाऊ नकोस, असं त्यांना म्हणता येत नाही. लेकीला तसं म्हणणारा बाप बरा नव्हे, हे त्यांना कळतं. म्हणून पेरू."

आत मामा सरांना कागदाचा दुसरा दस्ता मागत होता आणि सर त्याला तो देत होते.

"तुम्हाला जायचंय का?" मी विचारलं.

"जायचंय. पण मी तिकडं लातूरला आणि ते इथं त्या खुर्चीत डोळे मिटून, असं नाही जायचं." तिनं आमच्या आलेखावरून नजर फिरवली, पायरीपासून उंबऱ्यापर्यंत. "बाकीचे पहिल्याच कागदावर थांबले. तुम्ही अंगणात पोचलात. तुम्हाला काही कळत नव्हतं म्हणून पोचलात, ते दिसतंय मला. तरी पोचलात." मग तिनं सरळ विचारलं, "शेवटची एसटी गाठायचीय, की अजून थांबताय?"

मी म्हणालो, कागद पुरत असतील तर मी लातूरपर्यंत असाच जायला तयार आहे.

ती उठली, हात पदराला पुसले आणि आत गेली. मी मागोमाग. तिनं आरामखुर्चीसमोर उभं राहून म्हटलं, "बाबा, पेरू पुरे."

सरांनी डोळे उघडले. तिनं पहिला कागद उचलला. त्याच्या मागून सगळी माळ दिवाणाखालून सरपटत आली, ती तिनं टर्रकन फाडून वेगळी केली. वरची रेष खोडली आणि कागद वडिलांच्या मांडीवर ठेवला.

"ही पहिली राहू दे. बाराच धरू. पण पेरू नाहीत, महिने. वर्षाचे. काही सासरी, काही माहेरी, दोन्ही मिळून बारा. सासर आडव्या अक्षावर, माहेर उभ्या." ती खाली बसली. "दुसरी अट तुम्ही घाला. पण भेटणारी घाला."

मामा कागदाचा दस्ता छातीशी धरून उभा होता. याद्या करताना मानपान, आहेर, वाजंत्री, सगळ्यावर हुज्जत घातलेला माणूस तो, पण नवरीचे महिने वाटून घेतात हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

सरांनी पट्टी उचलली. एक टोक शून्यावर दाबून धरलं आणि दुसरं फिरवत फिरवत बरंच वर नेलं. घसा साफ करून म्हणाले, "सासर तेवढंच माहेर."

म्हणजे सहा-सहा. आता मात्र मामाला कंठ फुटला. तो म्हणाला, सर, मुलाला संसार करायचाय, पोरगी वसतिगृहात ठेवायची नाही.

"सासर माहेराच्या पाचपट," हेमलता म्हणाली आणि तिनं पट्टी खाली ढकलली.

"दोन महिने?" सर म्हणाले. "दोन महिने म्हणजे काय झालं. येण्याजाण्यात जातील." त्यांनी पट्टी वर सरकवली. "दुप्पट."

पट्टी वर गेली की छेदनबिंदू बारा महिन्यांच्या रेषेवरून वर चढायचा आणि माहेर वाढायचं. खाली आली की सासर वाढायचं. बापलेक बराच वेळ ती पट्टी वर-खाली करत राहिले. दोघांचं बोलणं पटींचं आणि बिंदूंचं चाललं होतं. सुट्ट्या निघाल्या, दिवाळी निघाली, आंब्याचे दिवस निघाले. एकदा सर म्हणाले, अडीचपट, आणि लगेच स्वतःच म्हणाले, नको, अपूर्णांक येतो. कुणी आवाज चढवला नाही, कुणी डोळे पुसले नाहीत. मला एकदाही कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असंही मला वाटलं नाही.

शेवटी पट्टी थांबली. तिप्पट. सासर नऊ महिने, माहेर तीन.

"कबूल?" हेमलतानं विचारलं.

"उदाहरण बरोबर आहे," सर म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठा होकार मिळत नसावा. मग ते माझ्याकडं वळले. "बोरीकर, पक्का आलेख काढा. नवा कागद घ्या. अक्षांना नावं घाला."

मामानं मला कोपरानं ढोसलं आणि कानात सांगितलं की याच याद्या समज, नीट काढ. मी दिवाणावर बसलो. हाताला पीठ, पिठाखाली घाम, आणि समोर हेमलता, तीही आता माझ्याकडंच बघत होती. अक्ष काढले. बारा महिन्यांची रेष काढली. तीन घरं आडवी, एक घर उभं, असं मोजत दुसरी रेष शून्यातून वर नेली. रेषा भेटल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेल्या दोन रेषा एकमेकींना भेटल्या होत्या. आडवे नऊ, उभे तीन. भेटल्या त्या जागेभोवती मी एक गोल केला. अक्षांना नावं घातली, मराठीचा प्राध्यापक घालील तशी, वळणदार, शिरोरेघेसकट. आणि कागद सरांच्या हातात दिला.

सर तो कागद बघत राहिले. आधी लांब धरून, मग जवळ घेऊन. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला.

आडव्या अक्षावर मी लिहिलं होतं, माहेर. उभ्यावर, सासर. त्या कागदाप्रमाणं हेमलता वर्षाचे नऊ महिने बार्शीला राहणार होती आणि तीन महिने माझ्याकडं. मला ते दिसलं नाही. मामाला दिसायचा प्रश्नच नव्हता. अक्षांची नावं उलटी घातली म्हणून याच सरांनी शाळेच्या सेक्रेटरीच्या मुलाला नापास केलं होतं आणि स्वतःची हेडमास्तरकी घालवली होती, हे मला पुढं कळलं.

हेमलता उठून खुर्चीमागं आली आणि तिनं वडिलांच्या खांद्यावरून कागद पाहिला. तिच्या भुवया वर गेल्या. ती बोलायला लागणार, तेवढ्यात सर म्हणाले, "हेमा, चहा टाक."

ती जाईना. सरांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि कागदावर भलीमोठी बरोबरची खूण केली. खाली दहापैकी दहा लिहिलं. खाली सही, तारीख. मग कागदाची चौघडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.

"अक्षर सुंदर आहे तुमचं, जावईबापू," ते म्हणाले.